मागणी क्रमांक तीन

११ ऑगस्ट १९९७, सोमवार

उशिराचं कारण लेखी द्यायचं म्हणून ही वही विकत आणली. देवरे मॅडमना त्यातलं अर्धं पान पुरलं. बाकीची वही आता माझी.

उशीर किती, तर चार मिनिटं. सहाला वसतिगृहाचं फाटक बंद होतं आणि मी सहा वाजून चार मिनिटांनी पोचले. फाटकावरची वत्सलाबाई आतून गजांना धरून उभी. ती म्हणाली, मॅडमची चिठ्ठी आण, मग उघडते. मॅडमची चिठ्ठी आणायला आत जावं लागतं आणि आत जायला फाटक उघडावं लागतं, हे तिला समजावता समजावता आणखी दहा मिनिटं गेली.

मी कुठे गेले होते? अभ्यासिकेत. आमच्या कॉलेजची अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असते, असं माहितीपत्रकात ठळक अक्षरात छापलंय. ती मुलांना उघडी असते एवढं छापायचं राहिलं. आम्ही मुली पावणेसहाला पुस्तकं आवरून पळतो आणि मुलं आमच्या खुर्च्यांवर पाय टाकून वाचत बसतात. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, रसायनशास्त्र, पाच जाड पुस्तकं, ती सगळी अभ्यासिकेतच वाचायची, घरी नेऊ देत नाहीत. मग पास कसं व्हायचं हे देवरे मॅडमनी एकदा फळ्यावर मांडून दाखवावं.

मॅडम रेक्टर आहेत आणि वनस्पतीशास्त्र शिकवतात. आम्हालाही कुंडीत लावल्यासारखं वागवतात. माझा कागद वाचून म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं." बाकी काही नाही. मला असा राग आला.

२४ ऑगस्ट, रविवार

झुंबरकाका आले होते. ते बाबांचे थोरले भाऊ. सिडकोत राहतात, अंबडला कंपनीत सुपरवायझर आहेत आणि इथे माझे 'स्थानिक पालक' आहेत. वसतिगृहाचा नियमच आहे की बाहेरगावच्या प्रत्येक मुलीला नाशकात एक स्थानिक पालक हवा. त्याचं कार्ड असतं, त्यावर त्याचा फोटो आणि सही. सुट्टीत घरी जाणं सोडलं तर त्याच्याबरोबरच मुलीने गावाबाहेर जायचं, तेही मॅडम हो म्हणाल्या तर.

काका म्हणाले, कार्डासाठी तुझाही फोटो लागतो, चांगला उभा, साडीतला काढून दे. रुखसारकडून इस्त्री करून घेतलेली निळी साडी नेसून कॉलेज रोडवरच्या स्टुडिओत फोटो काढून आले. रुखसार माझी खोलीतली जोडीदार, मालेगावची, घरी यंत्रमाग. ती फोटो बघून म्हणाली, "कार्ड पे खडी फोटो कौन लगाता है?"

हिला सगळ्यातच काहीतरी दिसतं. मी म्हटलं, सरकारी कामात काय वाट्टेल ते मागतात.

२० सप्टेंबर, शनिवार

आज आई येऊन गेली आणि मला भेटलीच नाही.

आम्हाला सातपूरला औषधांचा कारखाना दाखवायला नेलं होतं. परत आले तर वत्सलाबाईने फडक्यात बांधलेल्या कळणाच्या भाकऱ्या आणि ठेचा हातात दिला. आई दोन तास होती म्हणे, त्यातला एक तास मॅडमच्या खोलीत दार लावून. सटाण्याहून तीन तास एसटीत बसून आलेली बाई आणखी अर्धा तास थांबू शकत नाही? वत्सलाबाई म्हणते, तिला परतीची गाडी गाठायची होती, घरी कुणाला सांगून आली नव्हती. शिवाय हात धुवायला साबण मागत होती, अंगठ्याची शाई जाता जाईना.

शाई कसली ते विचारलं तर वत्सलाबाई म्हणाली, भेटायला येणाऱ्यांच्या वहीत अंगठा केला असेल. मी ती वही बघितली. त्यात आईचं नावच नाही. या वसतिगृहात एक काम सरळ होईल तर शपथ.

मॅडमही आमच्याच बाजूच्या, बागलाणातल्या. आईशी अहिराणीत बोलल्या असतील. आमच्याशी बोलताना मात्र जीभ कशी पुण्याची होते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने आईला बोलावून आणलं. मी सांगितलं, मंगळवारी सकाळच्या गाडीने दिवाळीला येते.

आई म्हणाली, "आठे समदं बरं शे. तू नको येऊ."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. तेच, त्याच आवाजात, पाठ केल्यासारखं. इथे सगळं बरं आहे, तू नको येऊ. मागे कुणीतरी पुरुष खाकरला, आणि फोन ठेवला गेला.

तीन वर्षांत पहिल्यांदा आईने मला घरी येऊ नको म्हटलंय. मी रडणार नव्हते, पण रुखसारने पाठीवर हात ठेवला आणि मग काही इलाज उरला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी वसतिगृहात काढली. खाणावळ बंद. मॅडम आम्हा तिघी उरलेल्या मुलींना आपल्या क्वार्टरमध्ये जेवायला बोलवत होत्या. चकली चांगली होती, हे कबूल. पण मला कळत नव्हतं की मी पाहुणी आहे की कैदी.

आज कळलं. भाऊबीजेच्या दिवशी झुंबरकाका मला न्यायला आले होते. जीप घेऊन, काकूला घेऊन, काकूचा भाचा ललित गाडी चालवत. आणि मॅडमनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. काय सांगितलं? "मंजुषाची प्रॅक्टिकलं राहिली आहेत." माझं एकही प्रॅक्टिकल राहिलेलं नाही. वत्सलाबाईच्या तोंडून चुकून निघून गेलं आणि मग तिने जीभ चावली.

म्हणजे मी इथे एकटी भिंतीकडे बघत बसले होते, माझी माणसं दाराशी आली होती आणि या बाईने धडधडीत खोटं बोलून त्यांना घालवलं. मी सरळ मॅडमकडे गेले. विचारलं, का? त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे मंजुषा. मग भांड माझ्याशी." मी म्हटलं, मला आत्ताच भांडायचंय. तर म्हणाल्या, आत्ता मला वेळ नाही.

हे वसतिगृह नाही, कोंडवाडा आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

काका फाटकाशी भेटून गेले. आत सोडलं नाही, मला बाहेर सोडलं नाही. गजांमधून बोललो. काकूला संक्रांतीला मला साडी घ्यायचीय, तिने ब्लाऊजचं माप मागितलं होतं, ते दिलं. किती जीव आहे काकूचा. पोटच्या आईने येऊ नको म्हटलं, आणि ही माप मागते.

ललित जीपमधून उतरून उभा होता. केसांना पावशेर तेल. सारखा आत बघत होता. मी रुखसारला म्हटलं, बिचारा वसतिगृहाचं घड्याळ बघतोय, बंद पडलंय हे त्याला माहीत नाही. ती म्हणाली, घड्याळ तिकडे भिंतीवर आहे, तो इकडे बघत होता. तिला काय म्हणायचंय ते मी विचारलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

संधी आली. जानेवारीत विद्यापीठाची समिती येणार, विद्यार्थ्यांच्या सोयीसुविधा तपासायला. सूचनाफलकावर लागलंय की विद्यार्थ्यांनी आपल्या अडचणी लेखी द्याव्यात. लेखी द्यायला तर मीच हवी ना.

दुपारभर खोलीत बसून मागण्या लिहिल्या. एक, मुलींना अभ्यासिकेत रात्री नऊपर्यंत बसू द्यावे. दोन, त्यासाठी फाटक सव्वानऊला बंद व्हावे. तीनला माझी गाडी अडली. बाहेर जाण्याची परवानगी मॅडमच्या मर्जीवर असू नये, एवढं पक्कं. मग कुणाच्या?

रुखसार म्हणाली, "तेरी सही मांग. जाना तुझे है ना?" म्हणजे मुलीची स्वतःची सही पुरेशी मानावी. आम्ही सगळ्या अठरा पूर्ण केलेल्या, असंही ती म्हणाली. मी तसं लिहिलंही. मग वाचून बघितलं तर पोरकट वाटलं. समितीतले पिकल्या केसांचे प्राध्यापक हसतील. मुलीच्या सहीला कोण विचारतं? मागणी घरंदाज दिसायला हवी. मी ते खोडलं आणि लिहिलं:

'तीन. स्थानिक पालक स्वतः घेण्यास आल्यास विद्यार्थिनीस तात्काळ त्यांच्यासोबत सोडण्यात यावे. त्यासाठी रेक्टरची परवानगी आवश्यक असू नये.'

पुरावा म्हणून माझी दिवाळीची हकीकत जोडली, नावगावासकट. रुखसारने ते दोनदा वाचलं. तिने सही केली, पण म्हणाली की तिला पहिलंच बरं वाटलं होतं.

त्रेसष्ट मुलींपैकी अठ्ठावन्न सह्या झाल्या.

८ जानेवारी १९९८, गुरुवार

समिती आली. आज खाणावळीत पहिल्यांदाच वरणात डाळ सापडली आणि न्हाणीघराचे तुटके नळ रातोरात बसले. मी निवेदन दिलं. अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं. तिसऱ्या मागणीला मान हलवून म्हणाले, "अगदी रास्त आहे. पालक आले तरी मुलीला सोडत नाहीत म्हणजे काय?"

मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांना उत्तर द्यायला सांगितलं. मला वाटलं आता तोंड सुटेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही."

मी जिंकले. मग संध्याकाळी जेवण का गेलं नाही कोण जाणे.

२४ जानेवारी, शनिवार

देवरे मॅडमना रेक्टरपदावरून काढलं. त्या आता फक्त शिकवतील. नव्या रेक्टर सोमवारपासून. नवे नियम टाइप करायला कुणाला सवड नाही, म्हणून ऑफिसने विचारलं, मुलींमध्ये अक्षर कुणाचं चांगलं आहे? कार्डशीटवर काळ्या शाईने तिन्ही नियम मीच लिहिले आणि फाटकाशेजारी मीच चिकटवले.

मॅडम किल्ल्या द्यायला आल्या होत्या. थांबून पूर्ण वाचलं. "तिसरी मागणी कुणी सुचवली?" मी म्हटलं, मीच. "बरं. थिअरी कधी सुरू होते तुझी?" चोवीस मार्चला. "दोन महिने," असं म्हणून त्या निघाल्या. जाताना वत्सलाबाईशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या, तिच्या हातात एक पाकीट दिलं. निरोपाची भेट असावी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर रोज नऊपर्यंत अभ्यासिकेत. बाहेर काळोख आणि आत मी, खिडकीजवळची खुर्ची, पुढ्यात पुस्तक. काल ऑरगॅनिकचा अख्खा धडा एका बैठकीत संपवला. मोकळं असणं म्हणजे हेच असेल तर फार साधी गोष्ट आहे. एवढ्यासाठी किती भांडावं लागलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दहा मिनिटं मिळाली आहेत सामान भरायला. सामान रुखसार भरते आहे. मी हे लिहिते आहे, कारण नाही लिहिलं तर मी ओरडेन.

काका-काकू ऑफिसात बसलेत. ललित जीपमध्ये. सुपारी फुटली. माझी. ललितशी. परवा गावाला आमच्या घरी बैठक झाली, बाबा 'दादा म्हणतील तसं' म्हणाले, आणि झालं. काकूने हे मला साडीची बातमी सांगावी तसं सांगितलं. ब्लाऊज शिवून तयार आहे. फोटो पसंत पडला होता ऑगस्टमध्येच.

होळीच्या आत लग्न. मी म्हटलं, माझी परीक्षा आहे. काका म्हणाले, "तीन वर्षं शिकलीस ना? पुष्कळ झालं. पुढचं तुझ्या सासरचे बघतील."

मी नव्या रेक्टरकडे गेले. सांगितलं, मला जायचं नाही. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला फाटकाशी नेऊन नियम दाखवला. माझ्याच अक्षरातला. स्थानिक पालक स्वतः आल्यास. तात्काळ. परवानगी आवश्यक असू नये. म्हणाल्या, "तुला जायचंय की नाही, हे यात कुठे लिहिलंय का? मी अडवलं तर माझीही समितीपुढे चौकशी. तुम्हीच तर देवरे मॅडमना घालवलंत."

देवरे मॅडम जळगावला परीक्षक म्हणून गेल्या आहेत. मंगळवारी येतील.

वत्सलाबाई आत्ता जिन्यातून धापा टाकत वर आली आणि तिने ते पाकीट माझ्या हातात दिलं. आत एक कागद. अक्षर मॅडमचं, तारीख वीस सप्टेंबर:

'माझी मुलगी मंजुषा हिला तिची परीक्षा होईपर्यंत माझ्या थोरल्या दिरांबरोबर पाठवू नये. ते तिचे लग्न ठरवीत आहेत. विचारले तर प्रॅक्टिकल आहे असे सांगावे. मंजुषाला यातले काही कळू देऊ नये. ती रागीट आहे, काकांशी भांडेल आणि ते दुसऱ्याच दिवशी नाव काढून नेतील.'

खाली निळा अंगठा.

वत्सलाबाईने हा कागद नव्या रेक्टरना दाखवला होता. त्या म्हणाल्या, हा नमुन्यातला अर्ज नाही, आणि अंगठा कुणाचा हे कसं ठरवायचं.

अठ्ठावन्न सह्या मी गोळा केल्या, आणि हा एक अंगठा माझ्यासाठी पाच महिने फाटकाशी उभा होता. मी किती मूर्ख आहे हे मला नीट लिहितासुद्धा येत नाही.

काका खालून हाक मारताहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार. गावी

एक गोष्ट राहिली लिहायची. निघताना वत्सलाबाईने बाहेर जाण्याची वही पुढे केली. नाव, वेळ, कुणाबरोबर, कारण. शेवटचा रकाना परत येण्याच्या तारखेचा. काका म्हणाले, तो कोरा ठेव. वत्सलाबाई म्हणाली, "कोरा ठेवता येत नाय साहेब. ऑफिस मला बोलतं." मी तेवीस मार्च लिहिलं आणि सही केली. काका हसले. लिही, म्हणाले, लिहायला काय जातंय.

बाबा माझ्याकडे बघत नाहीत. आई बघते, पण काकू सतत आमच्या दोघींच्या मध्ये असते.

१ मार्च, रविवार

चौदा दिवसांत अंगणापलीकडे गेले नव्हते. आज दुकानातून निरोप आला, मैत्रिणीचा फोन आहे. काका स्वतः बरोबर आले. दुकानात हात-दोन हातांवर उभे राहिले, बडीशेप चघळत.

रुखसार होती. तिने विचारलं, कशी आहेस. मी म्हटलं, मजेत. तिने विचारलं, काका जवळ आहेत? मी हो म्हटलं. मग आवाज बदलला. देवरे मॅडम होत्या, आणि पहिल्यांदाच माझ्याशी अहिराणीत बोलत होत्या.

"लगीननी कोनती तारीख शे?"

काका बघत होते. मी म्हटलं, रुखसार, माझं नऊ नंबरचं जर्नल कपाटात आहे, ते सबमिट कर. नऊ नंबरचं.

"नऊ मार्च," मॅडम म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग त्या सावकाश म्हणाल्या की वहीत मी तेवीस तारीख लिहून सही केली आहे आणि वहीतली तारीख त्यांनी प्राचार्यांना दाखवली आहे. मी वीस वर्षांची आहे, माझं नाव पटावर आहे, माझं हॉलतिकीट त्यांच्याजवळ आहे. नऊ तारखेच्या आत त्या स्वतः येतील, आणि बरोबर पोलीसपाटलालाही आणतील. दारात त्या मला एकच प्रश्न विचारतील, सगळ्यांसमोर: तुला जायचंय का? तेव्हा मला तोंड उघडावं लागेल. "उघडशील?"

काकांनी हात पुढे केला. आवर म्हणाले.

मला माफी मागायची होती. नियम, निवेदन, दिवाळी, सगळ्याची. त्या दोन हातांच्या अंतरात यातलं काही बोलता येत नव्हतं. मला ऑक्टोबरमधला आईचा आवाज आठवला, पाठ केल्यासारखा, आणि मागे खाकरणारा माणूस. ती कुठे उभी राहून बोलत होती ते मला तेव्हा दिसलं. आज मी त्याच जागी उभी होते, हातात तोच फोन.

मी म्हटलं, "आठे समदं बरं शे."

मग मॅडम म्हणाल्या, "समजनं." आणि फोन ठेवला.

घरी आले. काकू शेजारी हळदीचं बघायला गेली होती. आई चुलीपाशी होती. तिने विचारलं, काय बोललीस? मी ते वाक्य सांगितलं. तिचा भाकरीवरचा हात थांबला.

"त्यास्ले समजनं का?"

हो म्हटलं.

आई उठली. धान्याच्या कोठीमागून माझी ऑरगॅनिकच्या टिपणांची वही काढली. ती तिने सामानातून कधी काढून ठेवली होती मला माहीत नाही. पदराने पीठ पुसून माझ्या मांडीवर ठेवली.

"मंग अभ्यास कर," म्हणाली, आणि जाऊन दाराला आतून कडी घातली.